बाराच्या भोंग्याची सावली

गेटवरच्या वॉचमनने रमाकांत परबांचं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग परबांकडे पाहिलं, मग परत कार्डाकडे. कार्डावरच्या फोटोत आजवर कोणी स्वतःसारखं दिसलेलं नाही, परबही दिसत नव्हते.

"किधर जाना है, चाचा?"

"आत."

"अंदर किसके पास?"

परबांनी वर कमानीकडे पाहिलं. ह्याच गेटातून ते अठराव्या वर्षी पहिल्यांदा आत गेले होते, तेव्हा वर लोखंडी कमानीत 'उदय मिल' अशी अक्षरं होती. आता तिथे बेचाळीस मजल्यांच्या टॉवरचं चित्र होतं आणि चित्रात हिरवळीवर पळणारं एक गोरंपान कुत्रं होतं. तेवढ्यात मागून त्यांची नात अक्षदा धावत आली. तिने वॉचमनच्या वहीत काय ते लिहिलं आणि आजोबांच्या गळ्यात 'व्हिजिटर' लिहिलेला पट्टा अडकवला.

"सहा दिवस हा गळ्यात ठेवायचा, आजोबा. विसरलात तर आत सोडणार नाहीत."

"माका सांगतंस?" परब म्हणाले आणि आत चालू लागले.

नातीला हे सांगायची गरज नव्हतीच. ह्या गेटावर गळ्यात काही नसलं की काय होतं, ते लालबागेत परबांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

गोष्ट एकोणऐंशी सालची. परब तेव्हा बावीस वर्षांचे, मिलच्या मेकॅनिक खात्यात हेल्पर. बॉयलरला पाण्याची नवी लाईन टाकायची म्हणून चिमणीच्या मागच्या मोकळ्या जागेत चर खणत होते. कमरेइतकं खोल गेल्यावर परबांची पहार दगडावर बसली आणि दगडाचा कोपरा उडाला. माती पुसून पाहिलं तर वर सूर्य, शेजारी चंद्र, आणि खाली ओळींमागून ओळी अक्षरं. मिस्त्रीने वाकून बघितलं आणि सरळ उभा राहून म्हणाला, "देव असो नायतर देवाचा बाप असो, संध्याकाळच्या आत पाणी बॉयलरला पोचलं पाहिजे. चर दोन हात बाजूने वळवा आणि हे बुजवा."

परबांच्या मालवणाकडच्या गावात एक रीत आहे. देवाच्या जाग्याला चुकून लोखंड लागलं तर हात जोडून गाऱ्हाणं घालायचं आणि अंगावरचं काहीतरी तिथे ठेवायचं. रिकाम्या हाताने उठायचं नाही. परबांच्या अंगावर खाकी अर्धी चड्डी होती आणि गळ्यातल्या सुतळीला मिलचं पितळी टोकन. दुसरं काही नव्हतं. त्यांनी सुतळी तोडली, टोकन दगडाच्या कपाळाशी ठेवलं, वर माती लोटली. त्याच वेळी बाराचा भोंगा झाला. मान वर करून पाहिलं तर चिमणीच्या सावलीचं टोक बरोबर त्या दगडावर येऊन टेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेटावर टोकन मागितलं. टोकन नाही म्हटल्यावर आठ दिवस काम बंद. मागून पाळीचे दोनशे लोक उभे. परबांचे वडील त्याच मिलमध्ये विणकर होते, तेही त्या रांगेत होते. त्यांनी विचारलं, "टोकन खय हा?" मुलाने खरं ते सांगितलं. वडिलांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. टोकन जुगारात लावलं असणार, असं त्यांनी मरेपर्यंत धरलं. चाळीत त्या दिवसापासून परबांचं नाव 'शिलालेख' पडलं. नंतर संप झाला, मिल गेली, परबांनी पाने आणि पाईप खांद्यावर टाकून चाळीस वर्षं लालबाग-परळात नळाची कामं केली. नावातला शिलालेख मात्र कोणी काढून घेतला नाही.

आता दिवाळीनंतर त्या मोकळ्या जागेत टॉवरचे खांब उतरायचे होते. खांबांसाठी भोकं पाडणारी रिग पुढच्या सोमवारी येणार होती. एकदा ती फिरली की खाली दगड होता की नव्हता, हे कोणालाही सांगता येणार नव्हतं. अक्षदा पुरातत्त्व शिकत होती. तिने भीत भीत आपल्या प्राध्यापकांना, नूपुर देव यांना, आजोबांची गोष्ट सांगितली. बाईंनी हसण्याऐवजी वही काढली, सरकारदरबारी खेटे घातले, परवानगीचा कागद मिळवला आणि बिल्डरकडून सहा दिवस मागून घेतले. सोमवार ते शनिवार.

"काका, जागा दाखवा," नूपुर बाई म्हणाल्या.

परबांनी सभोवार पाहिलं. खातं नाही, बॉयलर नाही, भिंती नाहीत. नुसता खरवडलेला लाल-काळा माळ. मिल पाडल्यावर वर साचलेला चार फूट भराव जेसीबीने आधीच उचलून नेला होता. चिमणी तेवढी उभी होती, तीही पाडायची परवानगी मिळाली नाही म्हणून.

"बारा वाजल्यावर दाखवतंय," परब म्हणाले.

बिल्डरचा साइट सुपरवायझर राजेश शेजारीच उभा होता. तो हसला. "मुहूर्त आहे का काकांचा?"

प्लंबर कधी आपली युक्ती सांगत नाही. सांगितली तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक स्वतःच पाना घेऊन बसतं. परब उन्हात अडीच तास बसून राहिले. बाराला चिमणीच्या सावलीच्या टोकाशी गेले आणि हातातली सळई त्यांनी जमिनीत ठोकली.

"हय."

अक्षदाचा वर्गमित्र ध्रुव यंत्रं सांभाळत होता. एक यंत्र बाबागाडीसारखं, चार चाकांचं. ते जमिनीवरून ढकललं की खालच्या थरांचं चित्र पडद्यावर उमटे. दुसरं हातात धरायचं, लांब दांड्याचं, खाली ताटलीएवढं कडं. धातू लागला की ते ओरडे. पहिल्या दिवशी ते जे ओरडायला लागलं ते थांबेना.

"काका, खाली आहे तरी काय?" ध्रुव घाम पुसत म्हणाला. "बंदच होत नाही."

"मिल आसा," परब म्हणाले.

आणि खरंच, खाली अख्खी मिल निघाली. हातभर खणायचं, यंत्र फिरवायचं, ओरडेल तिथे खुरप्याने उकरायचं. परब गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा तळव्यावर घासत आणि नाव सांगत. मागाच्या धोट्याचं टोक. सूत कातायच्या रिंगफ्रेमची चाती. करगोट्यासारखा वाकलेला पट्टा, तो कापसाच्या गाठी बांधायचा. नूपुर बाई प्रत्येक तुकडा पिशवीत घालून, वर नंबर टाकून, जागेची नोंद करून ठेवत होत्या. त्यांना त्यातही रस होता. पण परबांना दर पिशवीला वाटे की आपली लाज कोणीतरी नंबर टाकून जपून ठेवतंय.

दुसऱ्या दिवसापर्यंत परबांनी यंत्राचा आवाज ओळखायला सुरुवात केली. चाळीस वर्षं त्यांनी रस्त्यावर सळई टेकवून, दुसरं टोक कानाला लावून जमिनीखालची गळती ऐकली होती. हे त्यातलंच.

"घोगरा बोलला तर लोखंड," ते ध्रुवला म्हणाले. "पातळ बोलला तर तांब्या-पितळेचा. बरोबर?"

ध्रुवने पडद्यावरचे आकडे त्यांना दाखवले. "हे मशीन तेच आकड्यात सांगतं, काका. लोखंड इथे खाली, पितळ वर. पण तुम्ही तर बिनआकड्याचं सांगताय."

एवढं एक बरं झालं, बाकी दोन दिवस वाईट गेले. भिंतीपलीकडे चाळीचा जिना होता. त्या जिन्यावर कुशाबा जाधव येऊन बसू लागला. परबांच्याच वयाचा, साताऱ्याकडचा, त्याच मिलचा विणकर. परबांना वडिलांनी मारलं तेव्हा रांगेत मागे उभा असलेला.

"आरं शिलालेखा, घावला का?" तो वरून विचारी. त्याच्यासोबत कॅरम क्लबातली रिकामी मंडळी हसत. परब मान खाली घालून माती चाळत. दुपारी शांताबाई, त्यांची बायको, डबा घेऊन येई. तीही त्या जिन्याकडे न बघता येई आणि न बघता जाई. घरी गेल्यावर परबांचे गुडघे ती तेल लावून चोळी आणि एका शब्दाने काही विचारत नसे. त्या न विचारण्यानेच परबांना जास्त त्रास होई.

बुधवारी राजेश कमरेवर हात ठेवून खड्ड्याच्या काठावर आला. "मॅडम, सळईपासून चारी बाजूंना तीन-तीन मीटर झालं. काकांचं वय झालंय, राग मानू नका, पण माणसाला आठवतं एक आणि असतं एक. उरलेले दिवस सोडा ना आम्हाला."

नूपुर बाई म्हणाल्या, "शनिवार संध्याकाळपर्यंत जागा आमची आहे." पण त्यांचा आवाज सोमवारसारखा नव्हता. अक्षदाने मान दुसरीकडे वळवली. आपल्या वर्गापुढे, बाईंपुढे नातीचं तोंड आपल्यामुळे खाली गेलं, हे परबांनी पाहिलं. वडिलांच्या हातचा मार त्यांना इतका लागला नव्हता.

गुरुवारी बाराला ते सवयीने चिमणीकडे बघत बसले होते. हातात अर्धी भाकरी. सावली सरकत सरकत आली, आणि परबांची भाकरी हातातच राहिली. सावलीचं टोक सळईवर आलंच नाही. ते सळई ओलांडून साडेतीन फूट पुढे गेलं होतं.

परब उठले. जवळ जाऊन पाहिलं, पावलं मोजली. सळई हलली नव्हती, त्यांनी स्वतः ठोकलेली. चिमणी तर हलायचा प्रश्नच नव्हता. तीन दिवसांत सावली लांबली होती.

"अक्षदा," त्यांनी हाक मारली. "गो चेडवा, हय ये. मी गाढव आसंय."

"काय झालं, आजोबा?"

मग त्यांनी चाळीस वर्षांत कोणाला न सांगितलेली युक्ती सांगितली. बाराच्या भोंग्याला सावलीचं टोक दगडावर होतं. मिलमध्ये घड्याळ साहेबाकडे. कामगार सगळा हिशेब भोंग्यावर आणि सावलीवर करत. त्यांच्या डोक्यात बारा म्हणजे बारा. बाराची सावली रोज वेगळी पडते हे सावलीत बसून जेवणाऱ्या हजार माणसांपैकी एकालाही कधी मोजायची गरज पडली नव्हती.

नूपुर बाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही मुहूर्त बघताय असं आम्हाला वाटलं हो. मी एकदा तरी विचारायला हवं होतं. काका, दिवस कुठला होता? महिना आठवतो?"

"थंडी होती. म्हणजे मुंबईची थंडी."

"तारीख मिळाली तर सगळं मिळेल," ध्रुव लॅपटॉप उघडत म्हणाला. "चिमणीची उंची ड्रोनने घेतलेली आहे, सेहेचाळीस मीटर. सूर्य त्या दिवशी बाराला कुठे होता ते काढता येतं. फक्त तारीख."

परबांनी दोन्ही हात पसरले. तारीख कोण ठेवतो?

शांताबाई डब्याची झाकणं गोळा करत बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "चिठ्ठी आसा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"टोकन हरवल्याची. मिलची. रेशन कार्डाच्या डब्यात आसा."

ती घरी जाऊन डबा घेऊन आली. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात चारपदरी घडी घातलेला पिवळा कागद. टोकन नंबर बावीसशे सतरा, हेल्पर आर. एस. परब, टोकन हरवले, आठ दिवस बंद. खाली तारीख, एकवीस डिसेंबर एकोणीसशे एकोणऐंशी.

"तुझ्याकडे कशी ही?" परबांनी विचारलं.

"लग्न झाला तेव्हा सासूबायनी दिली. म्हणाल्या, ह्याच्या बापाक पटला नाय, पण माझो झील खोटा बोलत नाय. जपून ठेव, एक दिवस लागतली." शांताबाईने डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही कधी विचारला नाय, मी काढली नाय."

परबांना वाटत होतं, त्या दिवशी जगात एकाही माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला नाही. आपली आई ठेवून होती, हे त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळलं. ते पाठ फिरवून चिमणीकडे तोंड करून उभे राहिले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसावेत तसे शर्टाच्या बाहीने पुसले. उन्हाचं निमित्त होतं, ते कामी आलं.

ध्रुवने आदल्या दिवसाची, वीस डिसेंबरची तारीख टाकली, वेळ बारा टाकली. ड्रोनच्या फोटोवर चिमणीच्या बुंध्यापासून एक रेघ निघाली, सळईवरून पुढे गेली आणि मागच्या भिंतीच्या अलीकडे थांबली.

"सळईपासून एकोणीस मीटर पुढे," तो म्हणाला.

एकोणीस मीटर पुढे राजेशच्या लोखंडी सळ्यांची थप्पी होती. पुरुषभर उंच, पन्नास फूट लांब. एवढं लोखंड वर असताना यंत्र नुसतं किंचाळणार. राजेश म्हणाला, "क्रेन शनिवारी दुपारी आहे. त्याआधी मी काय करू? हाताने उचलता?"

शुक्रवारी सकाळी परबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि एका सळईचं टोक उचललं. दुसऱ्या टोकाला ध्रुव. सळई मध्ये झोपाळ्यासारखी डुलत होती. तिसऱ्या फेरीला परब सळईसकट खाली बसले. अक्षदा धावली. जिन्यावर हशा झाला नाही. कुशाबा उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने गेटावर वॉचमनशी त्याची खणखणीत बाचाबाची ऐकू आली आणि मग गळ्यात 'व्हिजिटर'चा पट्टा घातलेला कुशाबा कॅरम क्लबातली सहा माणसं घेऊन आत आला.

"ऊठ," तो परबांना म्हणाला. "पन्नास वर्षं ऐकतोय तुजं. न्हाई घावला तर निदान नाव तरी बदलता यील." आणि त्याने सळईचं टोक खांद्यावर घेतलं.

दिवसभर ती म्हातारी माणसं सळ्या वाहत होती. सूत, गाठी, बीम वाहिलेले खांदे होते ते. त्यांना वजन नवं नव्हतं, वय नवं होतं. संध्याकाळी पाचला जागा मोकळी झाली. कुशाबाच्या खांद्यावर गंजाचा लाल पट्टा उठला होता. शांताबाईने सगळ्यांना चहा आणि खोबऱ्याच्या वड्या दिल्या आणि जिन्यावरचा सगळा जुना हशा तेवढ्यात माफ करून टाकला.

शनिवारी सकाळी ध्रुवने बाबागाडी ढकलायला घेतली. एक पट्टा, दुसरा, तिसरा. दोन तासांनी सगळे पट्टे जोडून त्याने चित्र वर आणलं. परब चष्मा लावून पडद्याजवळ गेले. राखाडी रंगात एक सरळ रेघ येत होती. मध्येच ती बाजूला वळली होती, थोडं पुढे जाऊन परत मूळ दिशेला लागली होती.

"हा जुना पाईप असावा," ध्रुव म्हणाला. "पण मध्ये असा का वाकवलाय, कळत नाही."

परबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हो बेंड माझ्या हातचो. आणि हो दुसरो. चर दोन हात वळवलो तो हय."

वळणाच्या पोटात एक आडवी, जाड, पांढरी खूण होती. तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. सगळ्यांना दिसली होती.

हातभर खणलं, यंत्र फिरवलं. घोगरा आवाज, तो पाईपचा, तो बाजूला ठेवला. अजून वीतभर खणलं. नूपुर बाईंनी आता फावडं बंद करून खुरपी आणि ब्रश काढले. भिंतीवर, जिन्यावर, पलीकडच्या गच्चीवर अर्धी चाळ उभी होती. बाराला दहा मिनिटं कमी असताना ध्रुवने पुन्हा कडं फिरवलं आणि यंत्र बोललं. पातळ, स्वच्छ, एकदाच.

ध्रुवने आकडा बघायला मान खाली घातली. परबांनी बघितलं नाही. "पितळ," ते म्हणाले.

अक्षदा खड्ड्यात उतरली होती. तिने ब्रशने माती सारली, बोटाने सारली, आणि एक हिरवी पडलेली चकती वर आली. भोकात सुतळीचा मागमूस नव्हता. तिने ती काढली नाही. आधी फोटो, आधी माप, बाईंनी शिकवलं होतं तसं. मग रबरी फुग्याच्या पिचकारीने पाण्याचा एक थेंब टाकला आणि हिरव्यातून आकडे उमटले. ती ते मोठ्याने वाचायला गेली आणि तिला वाचता येईना. रडता रडता तिने आजोबांकडे पाहिलं.

"बावीसशे सतरा," परबांनीच सांगितलं.

वरून कुशाबाने शीळ घातली. मिलच्या पाळीला घालायचे तशी, दोन बोटं तोंडात घालून. मग जिन्यावरून, गच्चीवरून, भिंतीवरून जो आवाज उठला तो लालबागच्या नाक्यापर्यंत गेला असावा. चकतीच्या खाली, बोटभर अंतरावर, दगडाचं कपाळ होतं. सूर्य. चंद्र. आणि एक कोपरा उडालेला, पहारीची खूण अजून ताजी वाटावी अशी.

दुपारभर दगड उघडा होत राहिला. ध्रुवने त्याचे चारी बाजूंनी शेकडो फोटो घेतले. ते जोडून लॅपटॉपवर दगड गोल फिरवता येत होता, आणि त्यावर तिरका उजेड टाकला की डोळ्यांना न दिसणारी अक्षरं सावल्या धरून उठत होती. नूपुर बाई पहिली ओळ अडखळत वाचत गेल्या. कोणी राजा, कोणी त्याचा अधिकारी, आणि कोणासाठी तरी दान दिलेलं एक तळं. बाकी वाचायला महिने लागतील, त्या म्हणाल्या. तळं म्हटल्यावर परबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पाण्याचाच काम होता?"

"पाण्याचंच."

परबांनी समाधानाने मान हलवली.

राजेश फोन कानाला लावून चकरा मारत होता. तीनच्या सुमाराला सरकारी गाडी आली, पंचनामा झाला, भिंतीलगतचा अख्खा कोपरा पिवळ्या पट्टीने बंद झाला. तिथे खांब उतरणार नव्हता. रिगचा नकाशा बदलावा लागणार होता. राजेशने तेही फोनवर कळवून टाकलं.

अक्षदाने टोकन छोट्या पिशवीत घालून आजोबांपुढे धरलं. "हे नोंदवायला लागेल. पण बाई म्हणतात, तुमचं आहे, तुम्ही मागितलंत तर अर्ज करता येईल."

"दिलेला परत मागतत नाय," परब म्हणाले. "थयच ऱ्हवांदे, दगडाबरोबर. खय ठेवतले तो दगड, थय."

मग त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लेकराच्या हातना चूक झाली, कोपरो उडालो, ता आज तुझ्या पायावर घातला..."

"व्हय म्हाराजा," शांताबाई म्हणाली. दुसऱ्या वाक्याला कुशाबा म्हणाला, साताऱ्याच्या तोंडाने, जमेल तसं. तिसऱ्याला नूपुर बाई, ध्रुव, अर्धी चाळ. सरकारी साहेबानेही पेन खिशाला लावलं.

सोमवारी सकाळी परब एकटेच गेटावर आले. नूपुर बाईंनी दगड हलवताना हजर राहायला बोलावलं होतं. घाईत पट्टा घरी खुंटीला राहिला होता. वॉचमनने हात आडवा केला.

"चाचा, पास?"

परबांनी गळ्याला हात लावला. गळ्यात काही नव्हतं. क्षणभर त्यांना मागे दोनशे माणसं उभी असल्यासारखं वाटलं आणि त्यांचा गाल आपोआप तापला.

आतून राजेश हेल्मेट सावरत येत होता. त्याने वॉचमनचा हात खाली केला.

"जाने दे," तो म्हणाला. "यांचं टोकन आत आहे."